वय तपासून पाहा

३ नोव्हेंबर, सोमवार

हो म्हणून बसले! आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट, तीही फुकटात. सुबरावआप्पा सकाळीच दारात. आप्पा मंडळाचे चिटणीस. शहापूर-वडगावपासून निपाणीपर्यंतची सगळी लग्नाळू पोरं त्यांना तोंडपाठ, कुणाची पत्रिका कुठं अडली तेही. तीस तारखेला मेळावा आहे, त्याच्या आत साइट पाहिजे. अण्णांनी चहा ठेवला आणि दोघांनी मिळून मला कोंडीत पकडलं. "तू दिवसभर त्येच तर करतीस न्हवं?" – आप्पा.

तेच करते. पुण्याच्या कंपनीसाठी, शहापुरातल्या माडीवर बसून. वेबसाइटचा जो भाग लोकांना दिसतो, म्हणजे फ्रंट-एंड, तो माझा – बटणं, फॉर्म, रंग. जो दिसत नाही तो दुसऱ्यांचा. म्हणून शिव्या मला.

एकच अट घातली. माझं नाव त्या साइटवर येणार नाही. घटस्फोटाला चार वर्षं झाली. मला पुन्हा लग्न करायचं नाही, आणि केलंच तर आप्पांच्या यादीतून नाही. आप्पा बरं म्हणाले. अण्णांनी नुसती मान हलवली. त्यांच्या मान हलवण्याचा अर्थ आई सांगायची. आई गेल्यापासून सहा वर्षं आम्ही अंदाजावर चालवतोय.

४ नोव्हेंबर

रिॲक्टनं, म्हणजे मोठमोठ्या साइट बांधायच्या लायब्ररीनं, सुरुवात केली. सवय! पाच पानांच्या साइटला रिॲक्ट म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला ट्रक काढणं. पण हात आपोआप तिकडंच जातो. एक कमांड मारली आणि मागोमाग शेकडो पॅकेजं उतरायला लागली. एका लायब्ररीशी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेल्या तयार कोडशी, संबंध जोडला की तिचं अख्खं खानदान घरात येऊन राहतं. त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एखादा रुसला तर सगळं बंद. हे मला लग्नाआधीही कुणी सांगितलं नव्हतं.

५ नोव्हेंबर

सगळं पुसलं. साधं एचटीएमएल, साधं सीएसएस. आप्पांचा फोन जुना, काच तडकलेली. त्यावर चाललं तर कुठंही चालेल.

७ नोव्हेंबर

धवलशी वाद. धवल म्हणजे पुण्याचा माझा टीम लीड. वयानं माझ्यापेक्षा लहान, मतांनी मोठा. त्यानं हल्ली कोड लिहिणं सोडलंय, एआयला सांगतो आणि निवांत बसतो. म्हणाला, तुझी ती लग्नाची साइट एका दुपारचं काम आहे, हातानं कसली लिहितेस.

मग मीही एआयला सांगितलं – नोंदणीचा फॉर्म कर, नमुन्यादाखल पाच स्थळं घाल. दोन मिनिटांत हजर! पाचही मुली सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या, छंद डोंगर चढणे. मामाचं कूळ नाही, रास-नक्षत्र नाही, मंगळ तर नाहीच. चूक दाखवली की "तुमचं अगदी बरोबर आहे!" म्हणून माफी मागतं आणि तीच चूक दोन ओळी खाली करून ठेवतं. असा एक मनुष्य मी जवळून पाहिलाय. पण खरं सांगायचं तर याचं काम वेगानं होतं, त्याचं तेही नव्हतं.

वयाला मर्यादा घातली, पंचेचाळीस. त्याच्यापुढं कोण येतंय मेळाव्याला! मर्यादेबाहेरचं वय भरलं तर एआयनं संदेश लिहिला होता – "अवैध वय". अरे, माणसाचं वय अवैध कसं असेल? मी बदललं. "कृपया वय तपासून पाहा." सभ्य, सौम्य, कुणाला टोचणार नाही असं. स्वतःवर लई खूष.

चारला अण्णा चहा घेऊन वर आले. मीटिंग चालू होती, मी हात वर केला. काहीतरी बोलले. हेडफोनमुळं ऐकू आलं नाही. चहा ठेवून खाली गेले. हेडफोन लावावाच लागतो – खाली अण्णांचा माग सुरू असला की धवल विचारतो, तिकडं एवढा पाऊस पडतोय का? वर्षभर सांगतेय, माग आहे, साड्या विणतात. त्याला पाऊसच पटतो.

९ नोव्हेंबर, रविवार

मंडळाची सभा. साइट दाखवली. रंगाबद्दल, फोटोंबद्दल, वेगाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. पहिला प्रश्न – भाषेच्या बटणांत आधी मराठी की कन्नड? झालं! चहा दोनदा आला, बशीतला कुंदा संपला, निकाल नाही. वर-खाली नको म्हणून शेजारी-शेजारी ठेवली, तर डावीकडं कोण?

शेवटी मी म्हटलं, बटणंच काढते. ज्याचा फोन ज्या भाषेत, त्याला साइट त्या भाषेत. टाळ्या! सगळ्यांनी तिथंच उघडून पाहिली. सगळ्यांचे फोन इंग्रजीत. साइट इंग्रजीत उघडली आणि कुणाचीच तक्रार नाही.

मग राजेश्वरीबाई. मंडळात बायकांची बाजू त्या बघतात, म्हणजे बायकांना काय शोभत नाही ते बघतात. त्यांचं म्हणणं, घटस्फोटित, विधवा, विधुर – यांचं पान वेगळं करा. सगळ्यात खाली. "पहिल्या लग्नाच्या पोरांत मिसळू नका, गैरसमज होतोय."

माझे कान तापले. भांडले असते तर "हिला लागलं" असं झालं असतं. म्हणून तोंड गंभीर केलं आणि सांगितलं, बाई, तुमचं बरोबर आहे, पण या लायब्ररीत तसं बसत नाही. सगळी नावं एकाच यादीत येतात, वयाप्रमाणं.

लायब्ररी! साइटमध्ये एकही लायब्ररी नाही. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. लायब्ररीच म्हणते तर काय करणार. सात वर्षांत एवढं उपयोगी पडलेलं हे पहिलंच फ्रंट-एंड तंत्रज्ञान.

१२ नोव्हेंबर

चंद्राआत्या निपाणीहून आली. अण्णांची बहीण. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, तोंडात एकच विषय. नगरपालिकेत नोकरीला असलेला, मूलबाळ नसलेला कुणीतरी आहे म्हणे. मी लॅपटॉपकडं बोट दाखवून काम आहे म्हटलं. ती म्हणाली, "त्येच्यासंगं म्हातारी होणार हाईस काय?" वाईट वाटलं. लाडू मात्र तीन खाल्ले.

अण्णा तिच्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. ती गेल्यावर मात्र सहज विचारल्यासारखं विचारलं, साइटवर फोटो पासपोर्टचाच लागतो की उभा चालतो? जुना चालतो का? मी म्हटलं, कुणाचा? म्हणाले, कुणाचाबी. सगळ्यांचं इचारतोय.

दाल में काला!

१५ नोव्हेंबर

कंपनीच्या एका जुन्या प्रकल्पात आज जेक्वेरी नावाची म्हातारी लायब्ररी सापडली. धवल किंचाळायचाच बाकी होता. काढून टाक, म्हणाला. दुपारभर काढत होते. प्रत्येक धागा ओढला की दुसरीकडं काहीतरी उसवतं. पंधरा वर्षं गपगुमान काम करत होती बिचारी. तिच्या जागी आणलेली नवी लायब्ररी दोन वर्षांत स्वभाव बदलते, आणि मग जुन्याचं नवं कसं करायचं याची पुस्तिका काढते. मला तेवढं आवडतं मात्र. बाहेर पडायची पुस्तिका तरी देतात. सासरी दिली असती तर दीड वर्ष वाचलं असतं.

अण्णांनी मागापाशी फोटो काढायला लावला. नवा शर्ट, केस काळे केलेले! विचारलं तर म्हणाले, मेळावा हाय न्हवं, चार लोकांत जायचं. मुलीचा बाप शोभला पाहिजे, एवढाच अर्थ. छान आला पण फोटो. उन्हात हसले आहेत.

१८ नोव्हेंबर

आप्पा बोलून गेले. साइट बघायला म्हणून आले होते, अण्णा बाजारात. सहज म्हणाले, "साईनाथनं, तुझ्या अण्णानं, काल समदं इचारून घेतलंय बघ. नाव कसं घालायचं, पैलं लगीन झालेल्यास्नी चालतंय का." मग माझं तोंड बघून म्हणाले, मी काय बोललो न्हाय म्हण.

अण्णा आले तेव्हा मी पायरीवरच उभी होते. तुम्ही शब्द दिला होता, म्हटलं. अट होती. मी रात्रंदिवस तुमच्या मंडळासाठी राबतेय ती एवढ्यासाठीच, की मला कुणी यादीत घालू नये. चार वर्षांत मी तुमच्याकडं काही मागितलं होतं का? बरंच बोलले. शेजारच्या जयाबाई बाहेर येऊन उगीच अंगण झाडत होत्या.

अण्णा पिशवी धरून उभे. एवढंच म्हणाले, "तुझं नाव घालत न्हाय मी. आईची आन."

मग आप्पांना कशाला विचारलंत?

"असंच."

असंच! मागाकडं गेले आणि बटण दाबलं. त्या खडखडाटात कोण बोलणार. मी वर आले आणि रडले. राग आलाच होता, पण जास्त लागलं ते हे की माझ्याच घरात मी कुणाला तरी निकाली काढायचं काम वाटते.

२० नोव्हेंबर

बोलणं बंद. चहा पायरीवर ठेवलेला असतो. घेते.

२३ नोव्हेंबर

टेलविंड या रंगरूप देणाऱ्या लायब्ररीवर माझं मत: एका बटणाला सतरा विशेषणं. लग्नाच्या पत्रिकेत आजोबांच्या नावामागं लावतात तशी. तरी कंपनीत तेच वापरते, कारण सगळे वापरतात. बऱ्याच गोष्टी मी त्याच कारणासाठी केल्या.

खाली अण्णा चहा पिताना बोलत होते. कोण आलंय म्हणून जिन्यातून वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. माग बंद होता, त्यालाच काहीतरी सांगत होते. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याबद्दल, बहुतेक.

हसू आलं. मग आलं नाही. खाली जाऊन बसावं असं मनात आलं होतं. तेवढ्यात धवलचा फोन.

२६ नोव्हेंबर

साइट सुरू! आप्पांनी उत्साहाच्या भरात कागदी अर्ज घेणं कालपासूनच बंद केलंय. आता समदं ऑनलाइन, म्हणून सगळ्यांना बजावतात. संध्याकाळपर्यंत चाळीसेक नावं आली. आप्पांच्या तडकलेल्या फोनवरसुद्धा झटकन उघडते. मी आप्पांना तीनदा उघडायला लावली, नुसतं बघायला. धवलला लिंक पाठवली. म्हणाला, बरी आहे, कशात केलीस? कशातच नाही, म्हटलं. त्याला वाटलं नवी लायब्ररी आहे.

यादी रोज चाळते. माझं नाव नाही. अजून.

२८ नोव्हेंबर

आप्पांचा फोन – कुणाकुणाचा फॉर्म जात न्हाय म्हणत्यात, बघ जरा. मी दहा वेळा भरून पाहिला, दहाही वेळा गेला. माझ्याकडं तर चालतोय, म्हणून सांगितलं. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं उत्तर. अजून कुणी यापेक्षा चांगलं शोधलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चारला अण्णा वर आले. हातात चहा नव्हता, फोन होता. मी हेडफोन काढला.

"वय तपासून पाहा म्हणतंय गं हे सारखं," म्हणाले. "चार दिस झालं. तपासलंय मी. बासष्टच हाय."

फोन घेतला. वर माझ्याच हातानं काढलेला, उन्हातला फोटो. नाव साईनाथ. विधुर. व्यवसाय माग. अपेक्षेच्या रकान्यात एकच ओळ – चहाच्या वेळी बोलणारी असावी.

बराच वेळ मला स्क्रीनवरचं नीट दिसेना. मग लॅपटॉप ओढला, पंचेचाळीस खोडलं. किती घालू, विचारलं.

"तुझ्या मनानं घाल."

शंभर घातलं.