गुडघाभर माती

प्रिय तौसिफ,

सोनाळ्याहून शाहजादी आपाचा सलाम घे. फोनवर तू माहं आइकत नाही, मधातच "आपा, नंतर बोलतो" म्हणून ठेवून देतं. म्हणून लिहून राह्यली. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नको. पूर्ण वाच.

पहिली खबर बशीर चाचाची. वनखात्याच्या लोकांनी त्याले दोनदा बोलावलं. सत्तर वर्साचा माणूस, जिंदगीभर कब्रस्तानची राखण केली, अन् आता त्याच्यावर नाव का त्यानं जहर टाकून कबर उकरणारा तो बिज्जू मारला. औषधाचा डबा त्याच्या खोलीत सापडला ना! तिसऱ्यांदा बोलावलं तर घरी येऊ देणार नाहीत, असं गाव म्हणते. माणूस अर्धा झाला.

आता मागचं सांगते. तुले ठाऊक आहे ते बी सांगते, कारण मले काय काय ठाऊक आहे हे तुले ठाऊक नाही.

अम्माले माती दिली त्या दिवशी आम्ही बाया घरीच होतो. आपल्यात बाया कब्रस्तानात जात नाहीत. मी तुले एकच गोष्ट सांगतली होती, का तौसिफ, घाई करू नको, नीट ठेव तिले. तू मान हलवली. नवव्या दिवशी बशीर चाचा दारात आला अन् जमिनीकडं पाहत म्हणे, बेटी, कबरीच्या पायथ्याशी भोक पडलं, कफनाचा कोना वर आला. मी चुलीवरचं तसंच सोडून कब्रस्तानात गेली. कोण काय म्हणन ते गेलं चुलीत.

काम बिज्जूचं होतं. पाठ पांढरी, पोट काळं, कुत्र्याएवढं जनावर, नखं अशी का मुरूम फोडन. नाल्याच्या काठाले त्याचं बीळ. तौसिफ, मले त्याचं मुंडकं पाह्यजे होतं. मी कडबा नेला, वाळल्या मिरच्या नेल्या, कुऱ्हाड नेली. धूर करायचा, बाहेर आला का घाव घालायचा. काडी पेटवणार, तर मागून आवाज आला, "मावशी, कुऱ्हाड खाली ठेवा." वनरक्षक धम्मशीला. पोरगी माह्यापेक्षा वीस वर्सांनी लहान, पण आवाज ठाणेदाराचा. म्हणे, "हा वाघाच्या यादीतला आहे, मारला तर जेल. आत पिल्लू आहे. धूर केला तर मी तुम्हालेच गाडीत बसवीन." मी म्हटलं, तुह्या मायची कबर उकरली असती म्हणजे कळलं असतं. पोरगी म्हणे, "आमच्यात जाळतात, मावशी. पण कळते."

मग कब्रस्तानात येऊन तिनं हातातली काठी अम्माच्या कबरीच्या भोकात सोडली. काठी माह्या गुडघ्याएवढी आत गेली अन् थांबली. धम्मशीला म्हणे, "कबर एवढी उथळ? कोणी खोदली ही?" बशीर चाचा निंबाकडं पाहून राह्यला.

धम्मशीलानं सांगतलं तसं सारं केलं. बीळ बुजवायचं नाही, पिल्लू चालाले लागलं का ते आपोआप डोंगराकडं जातात. कोंबडीवाला नाल्यात आतडी फेकत होता, त्या वासानं बिज्जू आला, तर आधी ते बंद. वनखात्यात अर्ज दिला. मौलवी साहेब म्हणे, कबर उघडायची नाही, वरून मजबूत करा. जाळी अंथरली, वर दगड, वर माती, वर बाभळीच्या काट्या. त्यानंतर एक ढेकूळ हललं नाही. तरी मी रोज जाऊन बिळाकडं तोंड करून शिव्या देत होती.

खोदाईचं चाचाले तीनदा विचारलं तेव्हा तो बोलला. मुरूम लागला, पोरं म्हणत होती अजून घंटाभर, कबरीत वरून लावाच्या फळ्या आरागिरणीतून निघाल्या होत्या. अन् तू घड्याळ पाहून म्हटलं, बस झालं, मले शेगावहून चारची गाडी आहे. बाभळीची वाकडी लाकडं टाकली, वर चटई टाकली, माती लोटली. अन् साऱ्याइले कसम घातली का आपाले कळू देऊ नका. म्हणजे इतके दिवस तुह्या वाटच्या शिव्या ते जनावर खात होतं.

तरी मी गप राह्यली. चाळीसाव्याले तू आला, दोन ताटं बिर्याणी खाल्ली, पानटपरीवर हरिओमनं टोमणा मारला का मायची कबर जनावरानं उकरली अन् पोरगं सुरतेत मजेत. तेवढंच लागलं तुले! माह्याच गोठ्यातून तुरीवर मारायचं औषध नेलं, कोंबडीच्या काळजाले लावलं, बिळापाशी ठेवलं. सकाळी बिज्जू मेला, बाजूले पिल्लू मेलं, हरिओमचं कुत्रं बी मेलं. तू पाय ठेवून फोटो काढला. स्टेटसले लावला, "अम्माचा बदला". दुपारी काढून टाकला, डबा चाचाच्या खोलीत लोटला अन् गाडी पकडली. गाडी तुही कधी चुकत नाही.

वनखात्याचे लोक आले तेव्हा सारं गाव मुकं झालं. मी बी झाली, आठ दिवस. पाठचा भाऊ आहे म्हणून. मग चाचाले दुसऱ्यांदा नेलं.

काल मी गेली ऑफिसात. डब्याच्या झाकणाले माह्या जुन्या ओढणीची चिंधी बांधली आहे, ती दाखवली, म्हणजे डबा माह्या घरचा, चाचाचा नाही. माह्या पोरीनं, अलीजानं, तुहा स्टेटसचा फोटो तू काढायच्या आधीच फोनात ठेवला होता, तो दिला. साहेबानं बयान लिवलं, वाचून दाखवलं. एका जागी त्यानं 'संशय आहे' लिवलं होतं. मी म्हटलं, खोडा ते, संशय नाही, तौसिफच आहे. मग सही केली. कागद सुरतेले येईन तेव्हा तुले वाटन हरिओमनं चुगली केली, नाहीतर चाचानं जीव वाचवाले तुहं नाव घेतलं. त्याइले शिव्या देऊ नको. मी केलं, हे तुले माह्या हातचं कळावं म्हणून हे पत्र. गाव म्हणन, शाहजादीनं चाचासाठी केलं. म्हणू दे. तुले खरं सांगते, चाचा सुटला असता तरी मी गेली असती, अम्मावरच्या त्या गुडघाभर मातीसाठी. तारखेले ये. जेवाले वाढीन, वकिलाचं विचारू नको. अन् अम्माच्या कबरीवर जायचं असन तर आधी माह्या दारात उभं राहा लागन. चाचाच्यानं आता उठणं होत नाही, कब्रस्तानच्या फाटकाची चावी माह्यापाशी आहे.

तुहीच सख्खी बहीण,
शाहजादी