रक्तातली पातळी

३ मार्च
एकदाची नवी नोकरी सुरू झाली! प्रयोगशाळा तळघरात आहे, पण माझं यंत्र झकास. रुग्णांचं रक्त गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा आणि त्यात बुरशीवरचं औषध किती उतरलंय ते मोजायचं. आलेखावर उंच शिखर आलं की औषध पुरेसं. माणसं मात्र एकेक नग. इथल्या प्रमुख, मोठ्या बाई, रोज सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून त्याच औषधाची गोळी देतात. म्हणे, भिंतीतल्या बुरशीने माझ्याआधीची मुलगी गेली. सगळे मुकाट गिळतात. मेंढरं नुसती! माझी गोळी मी बेसिनमध्ये सोडली.

९ मार्च
बाईंनी आज सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. गोळी चुकवणाऱ्याला घरी बसवीन, असा दमही भरला. आणि तपासणार कोण, तर मीच! माझ्या प्लाझ्मात शुद्ध औषधाचा एक थेंब टाकला. काय देखणं शिखर आलं! बाईंनी पाठ थोपटली. शेजारच्या टेबलावरचा टकलू हळूच म्हणाला की गोळी खरंच घेत जा. मी विचारलं, भुताखेतांवरची पण मिळते का? बिचारा गोरामोरा झाला.

१६ मार्च
खोकला. थुंकीत करडे धागे. धुळीने असेल. टकलू काळजीने बघत बसतो, बावळट कुठला. तरी आज दोन गोळ्या घेतल्या. गुपचूप.

१९ मार्च
रोज मूठभर गोळ्या खातेय. आज माझं खरं रक्त यंत्रावर लावलं. शिखर नाही. सपाट रेघ. यंत्र बिघडलं असेल म्हणून टकलूचं तपासणीतलं उरलेलं रक्त लावलं, त्याचं शिखर व्यवस्थित. म्हणजे औषध पोटात जातं, आणि रक्तात पोचायच्या आत कुणीतरी—

२० मार्च
बाईंकडे गेले. औषध चढत नाही म्हणाले. त्यांनी माझाच देखणा आलेख पुढे ठेवला. सगळं उत्तम आहे, उगाच मनाला लावून घेऊ नकोस, म्हणाल्या. तो आलेख खोटा आहे हे सांगायला तोंड उघडलं. तोंड गोड हसलं. हो म्हणालं.
मी म्हटलं नव्हतं.

२१ मार्च
बोटं ऐकत नाहीत. टकलूला सांगायला हवं— माझ्याजवळ येऊ नको— कुणीही—

२२ मार्च
ही पोरगी स्वतःला फार शहाणी समजायची. आता आत कोपऱ्यात किंचाळत बसलीय. गोळ्या मात्र छान अंगी लागल्या, आता कुणाच्याही रक्तातलं औषध मला पचतं. टकलू तब्येत विचारायला आलाय. भोळा आहे. अगदी जवळ वाकलाय. जरा खोकून घेते.