भट्टीवरचा ताजा हार

करंजाडे, खंडेनवमी, संध्याकाळ

कोळीकाकांवर एवढी ओरडले, तरी राग उतरत नाही. आणि तो हार डोळ्यांसमोरून हलत नाही.

सिरियम आणि बिस्मथ या दोन जड धातूंच्या संयुगाचा एक अखंड स्फटिक हवा होता मला. तांदळाच्या दाण्याएवढा. त्यासाठी भट्टी तासाला दोन अंश, अशी दोन आठवडे हळूहळू निववत न्यायची. हा तिसरा प्रयत्न. फेलोशिप दिवाळीला संपतेय.

आणि आमचे लॅब असिस्टंट, मोरा गावचे कोळीकाका, सकाळी स्विच बंद करून भट्टीला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात! स्विच बंद असल्याचं मला कळलं संध्याकाळी. भट्टीतली धातू भरलेली बंद नळी फोडली तर आत नुसता ठिसूळ गोळा.

"ताई, सनाचा दिवस हाय. आज मशिनीला बंदच ठेवायची असते ना?"

सगळ्यांच्या घरी ठेवतात. आमच्याही. या भट्टीला सुट्टी नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मी तरी नाही. सांगायची गरजच वाटली नाही कधी.

तरी ओरडले. काका मान खाली घालून म्हणाले, "दुपारी तर तुमीच बोल्लात, हार किती ताजा दिसतोय."

बोलले होते. फोटोही काढला, स्टेटसला ठेवला. अजून लोक हात जोडताहेत त्यावर.

चालू भट्टीवर झेंडू तासाभरात मान टाकतो. काकांना हे माहीत नसेल.

मला माहीत होतं.