ओवाळलेला पाना

सोनपेठ, जि. परभणी
कार्तिक शुद्ध सप्तमी, १९७४

प्रिय दिनकरराव,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत (माझी उजव्या हाताची बोटं सोडून). तुमची खुशाली कळवावी. वर्कशॉपच्या साहेबांनाही नमस्कार सांगा. ऐन दिवाळीत रजा न देणारा माणूस एकदा डोळ्यांनी बघायची इच्छा आहे.

भाऊबीजेला स्वतः न येता तुम्ही आमच्या गावच्या मुंजाजीच्या हाती स्क्रू-पाना पाठवलात. अहो, बहिणीला ओवाळणी म्हणून पाना? पाठवायचाच होता तर माझ्या नावाने पाठवायचा! तुमच्या ताईने तो पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं आणि (देवाशपथ सांगतो) त्याच्या जबड्यात करंजी भरवली. मग तो देव्हाऱ्यात गेला आणि मला ताकीद मिळाली, "माज्या भावाची ववाळणी हाय. हात लावायचा न्हाई."

परवा इंजिनच्या पाइपाचा नट ढिला झाला. पाणी विहिरीपाशीच सांडायला लागलं, तिकडे मिरचीने माना टाकल्या, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. बघतो तर जबड्यात मुंग्या आणि तो सरकवायच्या फिरकीच्या आट्यांत वाळलेली हळद. फिरकी जागची हलेना. तुम्ही पान्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, जबडा नटावर घट्ट बसवा. बसवा म्हणे! मी फटीत चिंधी कोंबली आणि अंगातला सगळा जोर लावून ढकलला. पाना सटकला, बोटं सोलून निघाली. वर बांधावरून तुमची ताई म्हणते, "उलटा धरलाय तुमी! हलता जबडा वडायच्या अंगाला पायजे. आन् ढकलायचं न्हाई, वडायचं. दिनकरनं लिवलंय की!" तुमची चिठ्ठी तिला तोंडपाठ आहे. माझी तब्येत विचारायचं मात्र तिला सुचलं नाही.

फिरकीवर दगड ठोकून जबडा आवळला, पाना सुलटा धरून ओढला आणि नट बसला. पण आता पानाच नटावरून निघत नाही. इंजिन चालू केलं की तो थरथरतो आणि येणारे-जाणारे उभे राहून बघतात. तुमच्या ताईचं एकच पालुपद, "दिनकर आल्याबिगर त्यो निघायचा न्हाई."

तुमचा मेहुणा,
रंगनाथ

ता. क. : दुसरा पाना घेऊन ताबडतोब या. तुळशीचं लग्न लागेपर्यंत भाऊबीज शिळी होत नाही, असं ती गल्लीभर सांगत फिरते.

आणखी एक ता. क. : पत्र लिहून झाल्यावर रॉकेल सोडलं, तर पाना निघाला. ती घरात करंज्यांचं सारण भाजत होती, म्हणून मी तो गुपचूप परत नटावर आवळून ठेवलाय. साहेबांना सांगा, बहिणीचं इंजिन बंद पडलंय. आणि पाना आणू नका, साडी आणा.