स्कूटर हजर

ता. ४, सोमवार

ती. आत्या,

सा. न. वि. वि. फोनवर माझं हं आणि हूं सोडून तुला काही ऐकू येत नाही म्हणून तूच ही पत्रांची सवय लावलीस, तर आता वाच. अक्षराला हसायचं नाही. शाळा आठवीत सुटली, अक्षर तिथंच राहिलं.

मला नोकरी लागली! बाबांच्याच गाद्यांच्या कारखान्यात, पण आत नाही, पार्किंगमध्ये. पिवळं जाकीट घालायचं आणि गाड्या ओळीत लावून घ्यायच्या. बोलावं लागत नाही. हात केला की गाडी वळते, हात उचलला की गर्दी बाजूला होते. माझ्यासारखीसाठीच काढली असेल अशी नोकरी.

पण आत्या, इथली शिस्त बघून मी पहिल्याच दिवशी हबकले. आठचा भोंगा वाजला की फाटकाचा दांडा खाली. मग साक्षात देव आला तरी तो वर होत नाही. टाइमकीपर आहेत एक, त्यांना सगळे ‘ठोका’ म्हणतात, अर्थात पाठीमागे. परवा दांडा खाली आला तेव्हा एका बाईच्या स्कूटरचं पुढचं चाक आत होतं आणि बाई बाहेर. ठोक्यांनी चाक मागे घ्यायला लावलं. दिवस बिनपगारी. बाई तिथंच रडायला लागली आणि मला कुठं बघावं कळेना. महिन्यात तीनदा असं झालं की कायमचं घरी. रखवालदार म्हणतो, यांनी सख्ख्या जावयाला परत पाठवलं आणि मग आठवडाभर लेकीचा फोन उचलला नाही. तोच म्हणतो, जगाला लोळवायच्या गाद्या आपण करायच्या आणि आपल्याला मेली डुलकी काढायची चोरी.

हजेरीची तऱ्हा तर ऐक. पार्किंग नाल्यापलीकडे हलवल्यापासून खात्यापर्यंत चालत जायलाच बराच वेळ लागतो. लोक ओरडले. मग ऑफिसनं ठरवलं की गाडी दांड्याखालून गेली की माणूस हजर. प्रत्येक गाडीवर टॅग चिकटवलाय, मशीन तो वाचतं. म्हणजे हजेरी गाडीची लागते.

आता घरातलं सांगते, पण आईला कळू देऊ नकोस. बारक्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे. त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि परीक्षा तोंडावर. आईची स्टँडवरच्या कँटीनची पाळी पहाटेची. त्याला पाठीवर घेऊन जिने चढणं माझ्याच्यानं होत नाही, पोरगा अंगानं बाबांवर गेलाय. आणि शाळा उघडते तीही आठलाच. म्हणून त्याला बाबा वर्गात पोचवतात आणि त्यांची स्कूटर मी कारखान्यात घेऊन जाते. परवाना आहे आता माझ्याकडे. बाबा हजर लागतात. मग ते बसनं येतात आणि हातात डबा धरून आतल्या छोट्या फाटकातून शिरतात, जणू स्कूटरला अडकवलेला डबा आणायला गेले होते. रखवालदार रोज चिडवतो की वहिनींनी डबा गळ्यात बांधायला हवा.

मला भीती वाटते. पण बाबांना अजून एक लेटमार्क झाला तर संपलंच, दोन आधीच झालेत.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर जागा करीन.

तुझी,
पुटपुटी

—

ता. ७, गुरुवार

चि. पुटपुटीस,

अ. उ. आ. पत्र पोचलं. नोकरीचं वाचून शिलाईमशीन थांबवलं आणि शेजारणीला हाक मारून वाचून दाखवलं. पुढचं वाचलं आणि शेजारणीला म्हटलं, बाई, तू आता घरी जा.

अगं, तुझ्या बापाला डोकं आहे की नुसता केसांना आधार? तो जन्मालाच पंधरा दिवस उशिरा आला. आजी सांगायची, सुईण दोनदा येऊन चहा पिऊन गेली. शाळेत त्याला मी फरफटत न्यायची. पण तेव्हा निदान तो स्वतः उशिरा पोचायचा, दप्तर पुढे पाठवत नव्हता!

आणि तू? वर्गात पहिल्या बाकावर बसून गैरहजर लागायचीस, कारण ‘हजर’ म्हणायला तोंड उघडायचं नाही. मास्तर तीनदा नाव घ्यायचे, तू बोट वर करायचीस, मास्तरांना ते दिसायचं नाही. त्यापायीच शाळा सोडलीस. आता बाप नसून हजर. एकाच घरात दोन्ही नमुने, मी कुणाकुणाला सांगू?

प्लास्टर निघेपर्यंत हेडबाईंना सांगून वर्ग खाली आणता येत नाही का? बापाला म्हणावं, जरा तोंड उघड. तोंड न उघडायची ही खोड तुला कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. वहिनीला मी सांगणार नाही, पण माझ्या पोटात किती दिवस राहील याची खात्री देत नाही.

जेवत जा. पिवळ्या जाकिटात काडी दिसत असशील.

माझी माया आहेच, वेगळी मागू नकोस.

तुझी आत्या

—

ता. १४, गुरुवार

आत्या,

नमस्कार. घाईत लिहितेय, लागेल तसं वाच. तुझं पत्र बाबांना दाखवणार होते. सोमवारी दाखवू, मंगळवारी दाखवू असं करत राहिले.

काल कारखान्यात आग लागली.

फोमच्या शेडमध्ये. भोंगा झाला आणि थोड्याच वेळात परत भोंगा झाला, वेगळा, थांबेचना. फोम जळतो तेव्हा ज्वाळा कमी दिसतात, धूरच धूर. काळा, दाट, तव्याच्या बुडासारखा. अशा वेळी सगळ्यांनी पार्किंगमध्ये जमायचं असा नियम आहे. माणसं खोकत खोकत पळत आली. मी गाड्यांच्या मध्ये उभी. बंब अजून यायचा होता.

ठोका सगळ्यांत शेवटी बाहेर आले. त्यांच्या हातात हजेरीचं छोटं मशीन होतं, दांड्यावरची नोंद त्यात उतरते. गोंधळात त्यांनी एकेका खात्याची हजेरी सुरू केली. लोक रडत होते, शिव्या देत होते, पण ‘हजर’ म्हणत होते. सगळे जुळले. मग बाबांचं नाव आलं.

कुणी बोललं नाही.

बाबांच्या शेजारच्या मशीनवरच्याला आमचं सगळं माहीत आहे, पण तो काल रजेवर होता. बाकीच्यांना वाटलं ते आतच असतील. ठोक्यांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. मशीन बघितलं. मशीनमध्ये बाबा आत.

आत्या, मी दहा पावलांवर होते. स्कूटरची किल्ली माझ्या मुठीत होती. एवढंच म्हणायचं होतं की ते आत नाहीत, शाळेच्या जिन्यावर आहेत. सहा शब्द. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शाळेत व्हायचं ना, तस्संच. त्यांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि मी हात वर केला.

माझ्या अंगात पिवळं जाकीट. लोकांना वाटलं मी बंबाला वाट करून देतेय. सगळे पटापट दोन्हीकडे सरले. मध्ये सरळ वाट झाली, नाल्यावरच्या पुलावरून थेट शेडच्या दाराकडे. आणि त्या वाटेनं ठोका आत गेले.

सुपरवायझर त्यांना ओढत होता, बंब येऊ द्या म्हणत होता. आकडा जुळल्याशिवाय मी हलत नसतो, असं म्हणून त्यांनी नाकाला ओला रुमाल बांधला आणि गेले. ज्या माणसाला सगळे दगड म्हणतात तो गेला. आणि माझा हात अजून वरच होता.

बंब आला. ते बाहेर आले नाहीत. तेवढ्यात छोट्या फाटकातून बाबा आले. हातात डबा. आधी त्यांना काही कळेना, धुराकडे बघत नुसते उभे राहिले. कुणीतरी त्यांना बघून ओरडलं, हा बघा, हा इथं आहे. लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या. सुपरवायझरनं विचारलं कुठून बाहेर पडलास. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मागच्या दारानं.

बंबवाल्यांनी ठोक्यांना उचलून आणलं. चेहरा ओळखू येत नव्हता. जीव आहे म्हणाले. दवाखान्यात आहेत, छातीत धूर गेलाय.

बाबा रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, तू काही बोलू नकोस. जसं काही मी बोलणारच होते.

काय करू ते सांग. रागाव, पण लवकर लिही.

पुटपुटी

—

ता. १६, शनिवार

चि. पुटपुटीस,

आशीर्वाद. पत्र उभ्यानं वाचलं आणि तशीच खाली बसले. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, या खेपेला तरी कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही गं.

रागवायला मी बसनं येऊ शकते, पण रागवून काय होणार? तुझ्या बापाची भीती खरी आहे. नोकरी गेली तर तुमची घडी विस्कटेल. पण भीती खरी म्हणून खोटं खरं होत नाही. मागचं दार म्हणे! ते दार आहे तरी का तिथं?

तो माणूस शुद्धीवर आला का, आणि आल्यावर पहिलं काय विचारतो, ते आधी बघ. मग ठरव.

मला ‘तू बोल’ म्हणायचा धीर होत नाही. जबरदस्तीनं उभं केलेलं पोर मी त्या वर्गाच्या खिडकीतून बघितलंय, तुझे कान अजून डोळ्यांसमोर आहेत, लालबुंद. तुला नाहीच जमलं तर कळव, मी येईन आणि सांगेन. मला तोंड भरपूर दिलंय देवानं. पण किल्ली माझ्या मुठीत नव्हती, बाळा.

बारक्याला सांग, आत्या त्याच्या हेडबाईंशी कालच फोनवर भांडली. सोमवारपासून त्याचा वर्ग खाली. दोन मिनिटांचं काम होतं.

काहीही झालं तरी तू माझीच आहेस.

आत्या

—

ता. २०, बुधवार

ती. आत्या,

सा. न. सांगते सगळं, पण एक गोष्ट शेवटाला ठेवलीय, आधी खाली डोकावू नकोस.

तू विचारलंस ते मागचं दार आहे. पण ते बंद असतं. उशिरा येणारे तिथून शिरायचे म्हणून ठोका रोज सकाळी स्वतः कुलूप लावतात आणि किल्ली खिशात ठेवतात. हे मला रखवालदारानं सोमवारी सांगितलं. शेडला एकच दार उघडं होतं, आत्या. आणखी माणसं आत असती तर? बंबवाल्यांनी ऑफिसला त्यावरून धारेवर धरलंय, त्यामुळे ऑफिसलाही ते दार कुणी आठवायला नको आहे. बाबांना कुणी पुन्हा काही विचारलंच नाही.

पण ठोका विचारत होते. शुद्धीवर आल्यापासून त्यांना बोलता येत नाही, तोंडाला मास्क. पाटीवर लिहून एकच विचारतात, तो कुठं आहे. सगळे सांगतात सुखरूप आहे, मागच्या दारानं निघाला. आणि ते मान हलवतात. किल्ली तर त्यांच्याच खिशात होती! त्यांना वाटलं, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून सगळे थापा मारतायत. आपल्याला सापडला नाही आणि माणूस आत जळाला, असं धरून ते पडून होते. झोपत नव्हते. डॉक्टर म्हणे औषधानं तरी किती झोपवायचं.

बाबा एकदा दवाखान्यापर्यंत जाऊन आले. वॉर्डच्या दारातून परत फिरले. ते समोर उभे राहिले असते तरी त्या माणसाला पटलं असतं. पण मग कुठून निघालास, हे आलंच असतं ना.

काल मी गेले. बाबांना न सांगता. भेटायची वेळ व्हायच्या आधीच पोचले आणि बाकावर बसले. नर्स म्हणाली, तुम्ही कोण. मी बोट वर केलं. मग मलाच माझा राग आला, आणि मी मोठ्यानं म्हणाले की मी पार्किंगवाली आहे. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले.

मग त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. बारक्याचा पाय, जिने, टॅग, डबा, किल्ली, माझा हात. एका दमात, मध्ये थांबले असते तर परत सुरू झालं नसतं. ते छताकडे बघत होते. स्कूटर मी आणली म्हटल्यावर त्यांनी मान वळवली.

पुढचं राखून ठेवते. आधी घरचं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं मारतील, कधी मारलं नाही तरी. मग उठले, शर्टाला इस्त्री केली, आणि आज सकाळी माझ्यामागे स्कूटरवर बसून आले. भोंग्याच्या कितीतरी आधी. सरळ ऑफिसात गेले आणि सगळं बोलले, कुलपाचंसुद्धा. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलंय. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. आईला कळलं. ती तुझ्याशी बोलणार आहे, तयारीत राहा. बाबा आता स्वयंपाकघरात बटाटे सोलतायत आणि बारक्या त्यांना लेटमार्क देतोय. ते हसले, आठवड्यात पहिल्यांदा.

आता ते राखलेलं. ठोक्यांनी पाटी मागितली. पहिलं लिहिलं, आत कोण होतं. मी म्हणाले, कुणी नाही, फक्त तुम्ही. त्यांनी पुसलं. लिहिलं, किती दिवस. मी मोजून सांगितले. मला वाटलं पाटी फेकून मारतील, आणि मारली असती तरी मी हलले नसते. पण ते हळूहळू लिहायला लागले. आधी बाबांचं नाव लिहिलं, पूर्ण, आजोबांच्या नावासकट. पुढे लिहिलं, गैरहजर. त्याखाली रेघ मारली. मग थोडं थांबून त्या रेघेखाली लिहिलं, जिवंत.

पाटी छातीवर तशीच ठेवली आणि डोळे मिटले. मला वाटलं काहीतरी झालं, मी नर्सला हाक मारली. हो, मीच. ती धावत आली, बघितलं, आणि मला हळू बोल म्हणाली.

ते झोपले होते.

बाकी भेटीत. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, आता लागेल.

तुझी,
पुटपुटी