जेवलीस का गं?

३ मार्च, मंगळवार

टोचलं एकदाचं! डॉक्टरीणबाईंनी दिलेलं, साखर आणि भूक कमी करणारं इंजेक्शन, दर मंगळवारी एक. पोटाची वळी चिमटीत धरली, डोळे मिटले, दाबलं. मुंगी चावल्यासारखं झालं, बस. एवढ्यासाठी आठवडाभर घाबरत होते मी! ठकी दाराआडून बघत होती. लेक आठ वर्षांची, पण डोळे थेट आजीचे, माझ्या आईचे.

साखर वाढलीय, वजन वाढलंय, आणि मन तर आई गेल्यापासून नुसतं रुतून बसलंय. भूक लागली की तिचा आवाज येतो — "जेवलीस का गं?" आठवण नव्हे, आवाज. कानामागून. मग मी खाते. खाल्लं की रडते. डॉक्टरीणबाईंना आवाजाचं सांगितलं नाही. वेड्यात काढायच्या!

६ मार्च, शुक्रवार

भूक नाही. आवाजही नाही!

कारखान्यात दिवसभर बिस्किटांची चव घेतली — चावायचं, थुंकायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची, गुण द्यायचे. एकदाही गिळावंसं वाटलं नाही. सुपरवायझर म्हणाले, "बाई, आज गुण चोख दिलेत. एरवी जेवणाच्या सुट्टीआधी तुम्हाला पुठ्ठासुद्धा खमंग लागतो!" खूप दिवसांनी खळखळून हसले.

१७ मार्च, मंगळवार

आज आईला जाऊन वर्ष झालं. फोटो पुसला. रडू आलं नाही. खिडकीची काच पुसावी तसा पुसला.

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटातले हार्मोन मेंदूशी बोलतात. भूक लागली, पोट भरलं, हे तेच कळवतात. मूडशीही त्यांचा संबंध असावा. कुणाला हलकं वाटतं, कुणाचं मन सपाट होतं. सगळं अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला कसं वाटतंय?"

हलकं, म्हटलं. पण हलकं की रिकामं?

नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी. फोनवर म्हणतो, "चवळीची शेंग झालीस की काय!" तेवढ्यात ठकी आली — "आई, जेवायला काय?" अगं बाई! स्वयंपाकच केला नव्हता. हे काही पहिल्यांदा नाही. मला भूक नाही म्हणजे घरात कुणालाच नाही, असं धरूनच चाललेय मी.

२ एप्रिल, गुरुवार

स्वयंपाकघरातून ठकीचा आवाज — "हो, खाल्लं." जाऊन बघते तर एकटीच. "कुणाशी बोलतेस?" "कुणाशी नाही."

तिच्या उशीखाली बिस्किटांचा चुरा. मी आणलेले तुटके नमुने! फ्रॉक दंडाला काचतोय तिचा. मी रागवायला हवं होतं. राग आलाच नाही. याचीच भीती वाटायला हवी — तीही वाटत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

मागच्या दोन मंगळवारी सुई घेतली नाही. कुणाला विचारलं नाही. आईचा आवाज हवाय मला. रडू परत येणार असेल तर येऊ दे!

आज कारखान्यात पोटात कावळे ओरडले. हातातलं बिस्किट खाली ठेवलं, कान देऊन बसले. भूक आली. रडू आलं — सगळ्यांसमोर, हमसून हमसून. आवाज नाही. आई, विचार ना गं!

१७ एप्रिल, शुक्रवार

ठकीला मांडीवर घेतलं. म्हटलं, चोरून का खातेस, बाळा?

"आजी विचारते ना, जेवलीस का. खाल्लं की गप्प बसते."

मी विचारलं, कधीपासून?

"तू पोटात सुई टोचलीस ना, तेव्हापासून. ती म्हणाली, तुझी आई तुला विचारायची नाही आता."

पोरीला घट्ट धरलं. तिच्या कानामागे फुंकर घातली. का, ते माझं मलाच माहीत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

डाळ-भात केला. ताट वाढलं. ठकी खिडकीशी पाठमोरी बसली होती. मी मायेनं विचारलं, "जेवलीस का गं?"

वळली नाही. म्हणाली, "अजून नाही, आजी."