सुदाम तोडीला चाललाय, मामा

प्रिय मामा,

सुदाम ऊसतोडीला चाललाय. बातमी पक्की आहे. दुपारी त्याच्या बायकोनं, रखमानं, फोनवर सांगितली. संध्याकाळी मी टोळीच्या मुकादमालाही विचारून घेतलं. "हो, तो कोयता नक्की आहे," तो म्हणाला. नवरा-बायको मिळून एक कोयता, तुम्हाला माहीतच आहे. परवा सकाळी टेंभुर्णीतून ट्रक निघेल, अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूला.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही. पण हे तुम्हाला कुणीतरी कळवायला हवं. तुमच्याकडे शिकलेल्यांतला शेवटचा माणूस गाव सोडतोय, मामा.

रखमा रडली वगैरे नाही. मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही मधी पडू नका. मी मुकादमाला शब्द देऊन आले."

"आणि सुदाम काय म्हणतो?"

"ते काय म्हणतेत? शेडात जाऊन बसलेत. गावात बघा, निम्म्या घरायला त्यायच्या हातचं दार हाय. माझ्या घराला गोणपाट हाय. मामा देवमाणूस होते, पण त्यायनं आमचा माणूस बिलकुल कामातून घालवला. राग नका येऊ देऊ."

राग आला नाही, मामा.

आयटीआयमधून निवृत्त झालात तेव्हा आम्हाला वाटलं होतं, तुम्ही आता जालन्यात नातवंडांत रमाल. तुम्ही मात्र बिऱ्हाड उचलून थेट टेंभुर्णी गाठलीत आणि शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेतकऱ्यांना सुतारकाम शिकवायला बसलात! उन्हाळ्यात रानं रिकामी, तेव्हा शिकायचं. पावसाळा सरला की माणसं घराला काट्या लावून तोडीला जातात, तेव्हा यांच्या हाताला गावातच काम असावं. किती सरळ हिशेब होता तुमचा!

आपल्या भावकीला तो पटला नव्हता. थोरल्या मामांनी भर अंगणात विचारलं होतं, "आपल्या सुताराचं पोट कुणब्याच्या हातात देऊन राह्यला का तू?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "दादा, आपली पोरं तर रंध्याला हात लावीनात. मंग देऊ कुणाला?"

पहिल्या उन्हाळ्यातला खंडू आठवतो का? रंधा हातात दिला की गडी त्यावर अंगाचा सगळा भार टाकायचा, वखरावर टाकतात तसा. फळीला खड्डेच खड्डे. "अय खंडू, बैलं कुठंयत तुझी? ढेकळं फोडून राह्यला का?" तुम्ही ओरडलात. त्यावर तो म्हणाला, "मामा, दाबल्याबिगर रान निघतंय का?" शेडभर हसू. मग तुम्ही त्याच्या मागं उभं राहून, त्याचे हात हातात घेऊन रंधा चालवलात. पातळ, लांब, न तुटता निघालेला तो छिलका त्यानं घरी नेला होता, बायकोला दाखवायला.

सुदामला असं शिकवावं लागलं नाही. लाकडावर नुसता तळवा फिरवून तो त्याची गाठ ओळखायचा. तुम्ही त्याला बोलून कधी शाबासकी दिली नाहीत, पण आपला लाकूड तासायचा वासला त्याच्या हाती दिलात. मी बघत होतो.

आता जे लिहायचं आहे ते तुम्हाला आवडणार नाही.

सुदामनं पहिलं दार चुलतभावाला करून दिलं, तेव्हा मी सुट्टीवर आलो होतो. सागाचं नव्हतं, साधं बाभळीचं होतं, पण चौकटीत असं बसलं की फटीतून उजेड येईना. भाऊ खूश. "बोल, काय द्यायचं?"

सुदाम लाजला. "कशाचं काय? चहा पाज."

भाऊ तसा मनाचा चांगला. घरात गेला आणि ज्वारीचं पोतं ओढत घेऊन आला. तेव्हा सुदाम एकदम उसळला. "पोतं काय आणून राह्यला? मला बलुतेदार समजला का रे?"

आणि मग त्याला दिसलात तुम्ही. ओट्यावर बसलेले. जातीचे सुतार. सुदामची मान खाली गेली. तुम्हीच हसून उठलात, त्याच्या पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "बराबर केलंस."

बरोबर? काय बरोबर केलं होतं त्यानं, मामा?

परतताना मी तेच विचारलं. तुम्ही आजोबांचं सांगितलंत. सुगीत ते खळ्यावर धोतराचा सोगा पसरून उभे राहायचे, सगळ्यांच्या शेवटी. पाटील सुपाच्या तळाशी उरलेलं टाकायचा, मातीखड्यांसकट. लहानपणी तुम्ही ते बघितलं होतंत. "माझ्याकडं शिकलेला माणूस कुणापुढं असा उभा राहणार न्हाई," तुम्ही म्हणालात. तुम्ही स्वतःही गावात कुणाकडून काही घेतलं नाहीत. पेन्शन होती तुमची! सुदामला कुठली पेन्शन?

बलुतं वेगळं आणि मजुरी वेगळी, हे तुम्ही त्यांना का सांगितलं नाहीत? सांधा कसा धरायचा, करवतीला धार कशी लावायची, सगळं शिकवलंत. केलेल्या कामाचे पैसे आपल्याच गावात, आपल्याच माणसाला, खाली न बघता कसे सांगायचे, एवढं एक राहिलं. मागायचं नाही, हे मात्र ते तुमच्याकडं बघून पक्कं शिकले.

आणि गाव काय, सगळं सुदामच्या भावकीचंच. एकाची मुलगी लग्नाची, एकाचा गोठा उघडा, एकाची आई आजारी. इर्जिकीला, एकमेकांच्या रानात बिनमोल राबायला जावं तसा सुदाम प्रत्येकाकडे गेला. चहा प्याला. मात्र ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी जालन्याहून लोखंडी दारं आणली. "त्याला मोल देता येत न्हाई अन् फुकट घ्यायला लाज वाटती," असं एकानं मला सांगितलं.

तुमच्यामागं तो दर रविवारी शेड उघडत राहिला. खंडू पुण्याला वॉचमन झाला. बाकीचे एकेक करून यायचे थांबले. या उन्हाळ्यात कुणीच आलं नाही, तरी सुदाम झाडून घ्यायचा आणि बसायचा. आता किल्ली ग्रामपंचायतीत जाईल. नळयोजनेचे पाईप ठेवायला त्यांना जागा हवी आहे. मी शब्द टाकून बघितला. "शिकायला हाय कोण?" असं विचारलं गेलं. खरं होतं ते.

मामा, इतकी वर्षं मी पेपरात दुसऱ्यांची हार-जीत लिहीत आलो. आज तुमची हार लिहितोय. कुठं काही वाचेल असं मला दिसत नाही.

मुकादमानं शेवटी एक गोष्ट सांगितली. टोळी फडावर पोचली की आधी राहायला कोप्या उभ्या करायच्या असतात. "सुदामला सुतारकी येती ना, म्हणून मुद्दाम घेतला. सगळ्यायच्या कोप्या तोच करंल."

करील तो. दोन दिवस राबून अख्ख्या टोळीची घरं उभी करील, चहा पिईल, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कोयता घेऊन फडात उतरेल. कुणी काय द्यायचं विचारलंच, तर काय उत्तर देईल हे आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे.

मी तिथं जाणार आहे, हा शब्द देतो. फडाच्या कडेला, सगळ्या टोळीसमोर त्याला विचारणार आहे, "सुदाम, कोप्यांची मजुरी किती झाली?" तो खाली बघेल. तो आकडा सांगेपर्यंत मी तिथंच बसून राहीन.

तुमचा भाचा,
दिनू